बाल्कनीतला सोलर आणि सोसायटीची एनओसी

जर्मनीत कुणी मित्र राहत असेल तर त्याला बाल्कन्यांचे फोटो काढून पाठवायला सांगा. कठड्याला दोन सोलर पॅनेल, मागे छोटासा इन्व्हर्टर, आणि त्याची पिन सरळ भिंतीतल्या सॉकेटमध्ये! 2025च्या मध्यापर्यंत तिथे असे दहा लाख संच नोंदले गेले होते.

पण खरी गंमत पॅनेलमध्ये नाही, परवानगीत आहे. पूर्वी घरमालक किंवा सोसायटी 'दिसायला बरं नाही' म्हणून सरळ नकार देऊ शकायची. (आपल्याकडे वाळत घातलेल्या कपड्यांवरून मीटिंगा होतात, त्यामुळे चित्र डोळ्यासमोर आलंच असेल.) ऑक्टोबर 2024 मध्ये तिथला कायदा बदलला. आता पॅनेल 'कसं' लावायचं ते सोसायटीने सांगावं. 'लावू द्यायचं का' हा प्रश्न जवळपास तिच्या हातातून गेला. मला ही वाटणी जाम आवडली.

अमेरिकेत युटा राज्याने 2025 मध्ये वीज कंपन्यांना असाच लगाम घातला. 1200 वॉटपर्यंतच्या, हलवता येण्याजोग्या सोलर संचासाठी कंपनीने ना करार मागायचा, ना फी.

इथे मात्र माझ्यातला इंजिनियर अडखळतो. तिथे घरात 120 व्होल्ट, म्हणजे 1200 वॉटला 10 अँपिअर. ब्रेकर 15चा असला तरी तो फक्त ग्रिडकडून येणारा करंट बघतो. सोलरचे 10 सॉकेटमधून, ब्रेकरच्या पुढे, त्याच वायरीत घुसतात. एकूण 25! वायर तापेल, ब्रेकर ढिम्म. जर्मनीत 230 व्होल्ट आणि इन्व्हर्टरला 800 वॉटची मर्यादा, म्हणजे जेमतेम साडेतीन अँपिअर. युटाच्या कायद्यात सुरक्षा प्रमाणपत्राची अट आहे, पण तो आला तेव्हा तिथे अशा पूर्ण संचासाठी वेगळं मानकच तयार नव्हतं. घाई झाली, असं माझं मत.

तरीही मी राज्यांच्याच बाजूने आहे. वायर किती तापते हे गल्ली बदलली म्हणून बदलत नाही. ते वरच एकदा नीट तपासून ठरवावं. जुना कठडा वजन पेलेल का, वादळात पॅनेल कुणाच्या डोक्यात पडेल का, हे मात्र सोसायटीनेच बघावं. आपल्या कमिट्यांना नेमका उलटा उत्साह असतो.

असो. आपल्याकडे 2024च्या पीएम सूर्यघर योजनेत अनुदान आहे ते छतावरच्या सोलरला. हिंजवडीत भाड्याने राहणाऱ्याच्या वाट्याला येते ती बाल्कनी, आणि तीही दक्षिणेकडे निघाली तर नशीब!