मजकूर आणि मजकुराचे चित्र

2020 च्या टाळेबंदीपासून घरबसल्या नोकरी करण्याची रीत अनेक कुटुंबांत रुळली. अपंग मंडळींची रोजची बस आणि रोजचे जिने तिने चुकविले, हे खरेच. परंतु जिना गेला म्हणजे अडथळाही गेला, असे मानणारे वरिष्ठ आम्हांस जागोजागी आढळतात.

दृष्टिहीन कर्मचारी संगणकावर काम करतो, ते पडद्यावरील अक्षरे मोठ्याने वाचणाऱ्या आज्ञावलीच्या आधारे. 'एनव्हीडीए' ही त्यांपैकी एक. मायकेल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने 2006 मध्ये तिचा आरंभ केला. जेम्स टेह हा त्याचा तसाच अंध मित्र त्यास येऊन मिळाला. ती विनामूल्य आहे, आणि मराठीही वाचते. मात्र तिला अक्षरे हवीत. परिपत्रकाचे छायाचित्र कोणी गटात धाडले, की नऊ जणांचे काम सुरू होते आणि दहावा खोळंबतो. चित्रातील अक्षरे ओळखणारी साधने आता आहेत. पण वाकडा कागद, हस्ताक्षर किंवा तक्ता आला की ती अडखळतात.

मराठीत आणखी एक विघ्न आहे. जुन्या फाँटमधील मजकूर डोळ्यांस शुद्ध देवनागरी दिसतो. संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरांची खिचडी असते, आणि तीच त्या बिचाऱ्याच्या कानी पडते. युनिकोडमध्ये देवनागरीस 1991 सालीच स्थान मिळाले, तरी जुन्या फाँटांचा मोह सुटत नाही! मग वर्षअखेरीस शेरा मिळतो : 'कामास विलंब'. विलंब केला कोणी?

2016 च्या दिव्यांगजन हक्क अधिनियमाने सरकारी आस्थापनांवर आवश्यक त्या सोयी पुरविण्याचे बंधन घातले. सरकारी कागदांत 'अपंग' जाऊन 'दिव्यांग' आला. (शब्द बदलणे नेहमीच स्वस्त पडते.) आमच्या मते निम्मी सोय सहकाऱ्यांच्या सवयींत असते. दूरस्थ बैठकीत बोलण्यापूर्वी आपले नाव सांगावे. 'हा आकडा पाहा' न म्हणता तो वाचून दाखवावा. एका वेळी एकानेच बोलावे, म्हणजे ओठांवरून किंवा पडद्यावर उमटणाऱ्या वाक्यांवरून समजून घेणाऱ्या कर्णबधिर सहकाऱ्यासही धागा सापडतो. आणि परिपत्रकाची मूळ टंकलिखित प्रत बहुधा कोणाच्या तरी संगणकात असतेच. छायाचित्राऐवजी ती धाडण्यास अर्धे मिनिटही लागत नाही.