रुईला बागेत मज्जाव का?

फुलपाखरांची बाग ही कल्पना आता आपल्याकडे चांगलीच रुजली आहे. गृहसंकुलांच्या माहितीपत्रकांत तिचा उल्लेख असतो, शाळांच्या आवारांत तिच्या पाट्या लागतात. कल्पना स्तुत्य आहे; आक्षेप आहे तो तिच्या अंमलबजावणीवर. हिरवळीचा गालिचा, कडेने रोपवाटिकेतून आणलेली परदेशी फुले आणि पानाला एक भोक पडताच धावून येणारा फवारणीचा पंप, एवढ्या सामग्रीवर फुलपाखरांची बाग उभी राहते, अशी आपली समजूत दिसते. ही समजूत चुकीची आहे.

फुलपाखरू मध अनेक फुलांतला पिते. अंडी मात्र वाटेल त्या पानावर घालीत नाही. नारिंगी पंखांचा, काळ्या-पांढऱ्या कडांचा बिबळ्या कडवा आपण सर्वांनी पाहिला आहे. त्याची मादी रुईवर आणि रुईच्या कुळातील मोजक्या वनस्पतींवरच एकेक अंडे घालते. सुमारे 3 दिवसांत अळी बाहेर येते. ती आधी पानाची शीर कुरतडून चिकाचा प्रवाह तोडते आणि मगच पान खाते. चिकातले विष ती अंगात साठवते. म्हणून पक्षी या फुलपाखराच्या वाटेला सहसा जात नाहीत. त्याचा हा दरारा एवढा, की छोटा चांदवा या दुसऱ्या जातीची मादी त्याच्याच रंगाचे सोंग घेऊन वावरते. घाणेरीच्या फुलांवर बिबळ्या कडवा जेवायला येईल, पण तिच्या पानांवर त्याची एकही अळी जगणार नाही. पाहुण्याला पंगतीला बसवायचे आणि त्याच्या लेकरांना दाराबाहेर ठेवायचे, याला आतिथ्य म्हणायचे काय?

रुईविरुद्ध तीन आक्षेप घेतले जातात. पहिला, ती विषारी आहे. आहेच. तिचा चीक डोळ्यांत गेला तर गंभीर इजा होते. परंतु कण्हेरही अत्यंत विषारी आहे, आणि ती आपण अंगणांत व महामार्गांच्या दुभाजकांवर हौसेने लावतो. मग विषाचा हा न्याय रुईपुरताच का? दुसरा आक्षेप, ती पडक्या जागेची, उकिरड्याची वनस्पती आहे. शनिवारी मारुतीच्या गळ्यात जिच्या पानांची माळ पडते, तिला देवळात मान आणि बागेत मज्जाव, हा काय न्याय झाला? तिसरा आक्षेप, तिची पाने किडतात. पाने खाल्ली जावीत यासाठीच तर ती लावायची! ज्या बागेत एकही पान कुरतडलेले नाही, तिथे फुलपाखरू जन्मत नाही.

हा प्रश्न केवळ शोभेचा नाही. रुईच्या फुलातले पराग सुट्या भुकटीसारखे नसतात. ते मेणचट पुंजक्यांत बांधलेले असतात. ते ओढून नेण्याचे बळ लाकूड पोखरणाऱ्या मोठ्या काळ्या भुंग्यात असते. हाच भुंगा वांग्याच्या फुलाला बिलगून अंग थरथरवतो, तेव्हा फुलातले पराग बाहेर पडतात. ज्याच्या वाडीत वांगी आहेत, त्याने बांधावरची रुई उपटताना आपण कोणाचे अन्न तोडतो आहोत, याचा क्षणभर विचार करावा.

आणि ही वनस्पती मागते तरी काय? भरपूर ऊन आणि पाण्याचा निचरा होणारी जमीन. खत नको, मूळ धरल्यावर पाण्याचीही फारशी गरज नाही. बोंडे उकलून म्हातारी उडण्यापूर्वी बी काढावे, पिशवीत रुजवावे आणि रोप लहान असतानाच कायमच्या जागी लावावे. सोटमूळ खोल गेल्यावर ते हलवणे सोसत नाही. जागा मुलांच्या खेळापासून दूर, कुंपणालगत असावी. छाटणी करताना हातमोजे घालावेत, डोळे जपावेत. पिवळा मावा पडला तरी औषध मारू नये. तो खाणारे ठिपकेदार ढालकिडे मागोमाग येतात.

एका झुडपाने निसर्ग वाचेल, असा दावा कोणी करू नये. परंतु ज्यांना फुलपाखरू हवे आणि अळी नको, त्यांनी बागेवर फुलपाखरांची पाटी लावू नये. पाटी हवीच असेल, तर आधी कुंपणाशी रुई लावा.