हलका लॅपटॉप घेण्याआधी

किलो-सव्वा किलो वजनाचे लॅपटॉप आता तालुक्याच्या गावीही मिळतात. विमा प्रतिनिधी, कंत्राटदार, करसल्लागार अशा सतत फिरतीवर असणाऱ्यांना त्यांची ओढ वाटणे साहजिक आहे. पण असे यंत्र व्यवसायाला पुरेल का, हे वजन आणि जाडी पाहून कळत नाही. आकार लहान करताना कशावर पाणी सोडावे लागते, ते आधी समजून घ्यायला हवे.

असूस कंपनीने 2007 मध्ये ‘ईई पीसी’ आणला. 7 इंची स्क्रीन, 4 जीबी साठवण आणि किलोच्या आत वजन. पाठोपाठ अनेक कंपन्यांचे असे ‘नेटबुक’ आले आणि काही वर्षांतच बाजारातून दिसेनासे झाले. त्यांच्या कीबोर्डवर मोठे पत्र टाइप करणे जिकिरीचे होते, आणि एक्सेलचा रुंद तक्ता वाचायचा तर तो सारखा आडवा सरकवावा लागे. 2008 च्या मॅकबुक एअरने दुसरी वाट धरली. जाडी कमी केली, पण 13 इंची स्क्रीन आणि पूर्ण मापाचा कीबोर्ड राखला. आजचे बहुतेक हलके लॅपटॉप याच वाटेने आलेले आहेत.

तरीही उष्णतेचा प्रश्न उरतोच. प्रोसेसर, म्हणजे आकडेमोड करणारी मुख्य चिप, जेवढी वीज घेतो तेवढी अखेर उष्णता होऊन बाहेर पडते. तिला वाट द्यायला पंखा, तांब्याच्या नळ्या आणि हवेला मोकळी जागा लागते. पातळ सांगाड्यात ती जागा नसते, म्हणून प्रोसेसरला सलग किती वीज द्यायची यावर उत्पादक मर्यादा घालतो. त्यामुळे एकाच नावाचा प्रोसेसर एका लॅपटॉपमध्ये 15 वॅटवर चालतो, तर दुसऱ्यात 28 वॅटवर. खोक्यावरचे नाव मात्र सारखेच असते. गार असताना तो पहिली काही मिनिटे जोरात धावतो आणि तापला की स्वतःच वेग कमी करतो. दुकानातली पाच मिनिटांची चाचणी त्या पहिल्या मिनिटांतच संपून जाते. व्हिडिओ बैठक सुरू आहे, शेजारी जीएसटीची हजारो ओळींची फाइल उघडी आहे, असे अर्धा तास चालू द्यावे आणि मग वेग पाहावा. विदर्भातल्या उन्हाळ्यात, एसी नसलेल्या खोलीत, ही घसरण आणखी लवकर सुरू होते.

जागा वाचवण्यासाठी रॅम, म्हणजे चालू कामाची तात्पुरती स्मृती, बहुतेक वेळा मदरबोर्डलाच डकवलेली असते. ती पुढे वाढवता येत नाही. 8 जीबीवर आज कसेबसे भागते, पण तीन वर्षांनी भागणार नाही, आणि तेव्हा हातात उपाय नसेल.

बॅटरीचा हिशेब सोपा आहे. क्षमता 50 वॅट-अवर आणि कामातला सरासरी खर्च 10 वॅट असेल, तर पाच तास मिळतात. जाहिरातीतले मोठे आकडे बहुधा स्क्रीनचा उजेड मंद ठेवून, व्हिडिओ चालवून काढलेले असतात.

सर्वात कमी चर्चा होते ती डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनची, आणि आपल्याकडच्या व्यावसायिकाची गाडी नेमकी तिथेच अडते. पेनड्राइव्हसारखे दिसणारे हे टोकन ई-निविदा भरताना आणि कंपनीची विवरणपत्रे दाखल करताना लागते. ते जुन्या, रुंद यूएसबी खाचेत बसते. अनेक पातळ लॅपटॉपना फक्त टाइप-सी खाच असते, म्हणजे सोबत जोडणी बाळगावी लागते. खरी अडचण त्याच्या पुढची आहे. 2024 पासून विंडोजचे अनेक हलके लॅपटॉप इंटेल किंवा एएमडीऐवजी एआरएम पद्धतीच्या प्रोसेसरवर येऊ लागले. त्यांची बॅटरी उत्तम टिकते आणि नेहमीची जुनी सॉफ्टवेअर भाषांतराच्या थरातून चालतातही. पण ड्रायव्हर, म्हणजे उपकरणाची यंत्राशी ओळख करून देणारा प्रोग्राम, या थरातून चालत नाही. तो एआरएमसाठी वेगळा लिहिलेला असावा लागतो. तसा नसेल तर टोकन, बोटांचे ठसे घेणारे यंत्र किंवा जुना प्रिंटर चालेल याची खात्री राहत नाही. निविदेची मुदत संपायला तासभर उरला असताना हे कळणे फार महागात पडते. मॅकबाबतही विचारपूस हवी, कारण टॅलीप्राइम विंडोजसाठीच आहे.

फिरतीचे यंत्र हरवतेही. त्यात ग्राहकांचे पॅन आणि बँकेचे तपशील असतात, आणि 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने त्यांची जबाबदारी व्यावसायिकावर टाकली आहे. म्हणून डिस्क कूटबद्ध असणे अत्यावश्यक आहे. विंडोजची ‘बिटलॉकर’ ही सोय पूर्ण स्वरूपात ‘प्रो’ आवृत्तीत मिळते, ‘होम’मध्ये नाही.

हे सारे पाहता आमचे मत असे. निम्म्याहून अधिक काम कार्यालयाबाहेर होत असेल, तर 13 ते 14 इंची, पंखा असलेला, 16 जीबी रॅमचा, इंटेल किंवा एएमडीचा लॅपटॉप घ्यावा आणि कार्यालयात त्याला मोठा मॉनिटर जोडावा. त्याहून लहान यंत्र एकमेव यंत्र म्हणून घेऊ नये. दिवसभर पेढीवर बसून हिशेब लिहिणाऱ्याने तर हलक्या लॅपटॉपच्या वाटेला जाऊच नये. तेवढ्याच पैशांत अधिक वेगवान डेस्कटॉप येतो आणि त्याची दुरुस्ती गावातच होते.

प्राप्तिकराच्या नियमांत संगणकावर दरवर्षी उरलेल्या किमतीच्या 40 टक्के घसारा मिळतो. 70,000 रुपयांच्या यंत्राची वहीतली किंमत तीन पूर्ण वर्षांनी 15,120 रुपये उरते. तेवढा काळ ते रोजच्या कामाला पुरले पाहिजे, हे धरूनच दुकानात जावे. जाताना स्वतःचे टोकन आणि स्वतःची सर्वांत जड फाइल सोबत न्यावी. दुकानदार चाचणी करू देत नसेल, तर टोकन चालले नाही तर माल परत घेण्याची अट बिलावर लिहून घ्यावी.