मातीचा हिशेब दशकांचा, संशोधकाची नेमणूक तीन वर्षांची

सन २०३०पर्यंत वने व वृक्षाच्छादन वाढवून अडीच ते तीन अब्ज टन कार्बन डायऑक्साइडइतका अतिरिक्त कर्ब साठविण्याचे आश्वासन भारताने २०१५मध्ये जगाला दिले. हा कर्ब झाडांच्या खोडांत साठतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या २०२३च्या अहवालानुसार मात्र वनांतील कर्बसाठ्यात निम्म्याहून अधिक वाटा मातीतील सेंद्रिय कर्बाचा आहे. साहजिकच आश्वासनाचा बराचसा हिशेब जमिनीखाली मांडावा लागणार. तो मांडू शकणारी तरुण पिढी मात्र या क्षेत्रात टिकावी, अशी व्यवस्था आपण अद्याप उभारलेली नाही.

माती, पाणी, वनस्पती, सूक्ष्मजीव व हवा यांमधून कर्ब, नत्र, स्फुरद यांचे चक्र कसे फिरते, याचा अभ्यास जैव-भू-रसायनशास्त्र करते. नाव बोजड असले तरी विषय बांधावरचा आहे. शेतात टाकलेल्या युरियातील बराच नत्र पिकाला लागतच नाही. काही पाण्याबरोबर वाहून जातो, तर काही नायट्रस ऑक्साइडच्या रूपाने हवेत मिसळतो. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापमानवाढ घडवतो.

खरी अडचण काळाची आहे. मातीतील कर्ब वर्षभरात जेवढा बदलतो, त्याहून अधिक फरक एकाच शेताच्या दोन कोपऱ्यांत आढळू शकतो. त्यामुळे बदल झाला की नाही, हे सांगण्यासाठी अनेक वर्षे, एकाच पद्धतीने मोजमाप करावे लागते. इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथील गव्हाच्या शेतावर असा प्रयोग १८४३पासून चालू आहे. अमेरिकेतील हबर्ड ब्रूकच्या जंगलात १९६३मध्ये सुरू झालेल्या नोंदींमुळे आम्लपर्जन्याचे संकट पुढे आले. भारतालाही ही परंपरा अपरिचित नाही. कोइमतूरचा कायमस्वरूपी खत प्रयोग १९०९चा आहे आणि भारतीय कृषी संशोधन परिषदेने १९७०मध्ये दीर्घकालीन खत प्रयोगांची देशव्यापी योजना हाती घेतली.

प्रयोग टिकले, माणसांचे काय? राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून निवडलेल्या संशोधकाला अधिछात्रवृत्ती मिळते ती जास्तीत जास्त पाच वर्षे. जानेवारी २०२३पासून ती पहिल्या टप्प्यात दरमहा ३७ हजार, तर पुढे ४२ हजार रुपये झाली. ही वाढ स्वागतार्हच. परंतु पुण्या-मुंबईत घरभाडे देऊन उरते ते किती, हे सांगायला नको. पीएच.डी.नंतर बहुधा दोन-तीन वर्षांचे प्रकल्प हाती येतात. प्रकल्प संपला की उपकरणे राहतात, ती चालविणारा जातो आणि नोंदींत खंड पडतो. असा खंड नंतर पैसे ओतूनही भरून काढता येत नाही.

त्यात विषय विभागांच्या सीमेवरचा. मृदाशास्त्राच्या कायम पदांसाठी बहुधा कृषी शाखेची पदवी लागते, त्यामुळे रसायन वा वनस्पतिशास्त्रातून आलेला उमेदवार बाहेर राहतो. विद्यापीठांत तो कोणत्याच विभागाचा नसतो. परदेशी जाणाऱ्यांना दोष देणे सोपे आहे, पण जाहिरातच निघत नसेल तर परतावे कोठे?

आता दुसरे दार उघडते आहे. केंद्राने जून २०२३मध्ये कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित केली. शेतातील कर्ब मोजून देणाऱ्या खासगी कंपन्यांना या विषयाचे जाणकार हवे आहेत. रोजगार म्हणून हे चांगलेच. तथापि, कंपनीला हंगामा-दोन हंगामांत विकता येईल असा आकडा हवा असतो आणि तिच्या नोंदी इतरांना पाहता येतीलच असे नाही. विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत तर सेंद्रिय कर्बाबरोबर चुनखडीच्या रूपातही कर्ब असतो. दोन्ही वेगवेगळे मोजले नाहीत, तर शेतकऱ्याच्या नावावर चुकीचे क्रेडिट चढेल. ते तपासण्याचे काम नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेसारख्या सार्वजनिक संस्थांचे आहे, आणि त्यासाठी तेथे कायम नेमणुकीची माणसे लागतील.