कळफलकावरचा दारवान

परभणीत संगणकावर मराठी लिहू पाहणाऱ्याला पहिला सल्ला मिळतो तो ‘सॉफ्टवेअर टाकून घ्या’ हा. आम्हीही टाकून घेतले. एका जुन्या मराठी पॅकेजची सीडी नव्या संगणकात घातली, यंत्र पुन्हा सुरू केले, आणि कळफलक मुका झाला. मराठी राहोच, इंग्रजी अक्षरही उमटेना.

शोध घेता उलगडा झाला. हे पॅकेज कळफलक आणि विंडोज यांच्या मध्ये आपला फिल्टर ड्रायव्हर बसवते. दाबलेली प्रत्येक कळ आधी त्याच्या हाती जाते. नव्या ६४ बिट विंडोजने हा जुना, स्वाक्षरीविना ड्रायव्हर नाकारला. पण रजिस्ट्रीतल्या ‘अपरफिल्टर्स’ यादीत त्याचे नाव राहून गेले. दारवान गेला, दार मात्र बंदच! पडद्यावरचा कळफलक उघडून, माऊसच्या आधाराने ते एक नाव काढले, ‘केबीडीक्लास’ ही मूळ नोंद तशीच ठेवली, तेव्हा यंत्राला वाचा फुटली.

आमचा प्रश्न असा की, हा दारवान हवाच कशाला? इन्स्क्रिप्ट कळफलक १९९१ च्या भारतीय मानकात आहे. युनिकोडमध्ये देवनागरीला जागा त्याच वर्षी मिळाली. विंडोज २००० पासून मराठी कळफलक विंडोजबरोबरच येतो. फक्त तो सुरू करावा लागतो. रेमिंग्टनवर बसलेल्या हाताची अडचण आम्ही समजू शकतो, परंतु ती मांडणीही युनिकोडमध्ये वापरता येते. ‘युनिकोडला मराठी कळत नाही’ हा आक्षेपही टिकत नाही. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतला भेद तिथे नीट राखता येतो. मराठीचा ‘ॲ’ २००८ मध्ये स्वतंत्र अक्षर म्हणून दाखल झाला.

जुन्या फाँटात लिहिलेला मजकूर मराठी दिसतो, पण आतून ती रोमन चिन्हांची रास असते. फाँट काढला की अर्थ गेला. अशा प्रबंधात जनाबाईंचा एखादा शब्द शोधू जाल तर सापडणार नाही, बी. रघुनाथांच्या कवितेची शब्दसूची करू जाल तर होणार नाही. गंगाखेड ज्या जिल्ह्यात आहे, तिथल्या अभ्यासकाने हे निमूट सोसावे काय?

१९४८ पर्यंत, निजामी अमलात, इथल्या कचेरीची भाषा उर्दू होती. तेव्हा मराठीची वाट राजसत्तेने अडवली होती. आज ती आमच्याच आळसाने अडली आहे. प्रबंध अमुकच फाँटात द्या म्हणणारे मराठी विभाग पाठचिकित्सा शिकवतात, आणि उद्या वाचता न येणारा पाठ स्वतःच निर्माण करतात. पहिल्याच सत्रात विद्यार्थ्याला इन्स्क्रिप्ट शिकवा, प्रबंध युनिकोडमध्येच स्वीकारा. आपल्या बोटाच्या आणि आपल्या अक्षराच्या मध्ये दारवान उभा करण्याचा अधिकार आम्ही कोणालाही दिलेला नाही.