लाल तांदूळ आणि लेबल

परवा पुण्यातल्या एका मॉलमध्ये लाल तांदळाचं एक किलोचं पाकीट हातात घेतलं. वर हिरवं पान, 'हेरिटेज' वगैरे शब्द. भाव बघितला आणि पाकीट गुपचूप परत ठेवलं. हाच तांदूळ आमच्या कुडाळच्या आठवडा बाजारात साध्या गोणीतून मापून मिळतो. आणि लहानपणी तोच ताटात बघून आम्ही तोंड वाकडं करायचो! पाहुणे आले की पांढराशुभ्र सुरय तांदूळ, एरवी उकडा. उकडा म्हणजे रोजचा, म्हणजेच गरिबाचा, हे समीकरण डोक्यात पक्कं.

आता गंमत बघा. भात टरफलासकट उकडतात तेव्हा कोंड्यातलं बी-1 जीवनसत्त्व काही प्रमाणात दाण्यात मुरतं. त्यामुळे पुढे गिरणीत पॉलिश झालं तरी सगळंच जात नाही. क्रिस्तियान आइकमान या डच डॉक्टरला 1890च्या दशकात जावा बेटावर दिसलं, की नुसता पॉलिशचा तांदूळ खाणाऱ्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंडा दिला की त्या बऱ्या होतात. बेरीबेरीचं कोडं तिथून सुटत गेलं आणि 1929 साली त्याला नोबेल (विभागून) मिळालं. आमच्या आजीला आइकमान ठाऊक नव्हता, पण तिची पेज मात्र उकड्याचीच असायची.

नाचणीचंही तेच. 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, पॉलिशच्या तांदळात दहाच्याही आत. कुळथात 100 ग्रॅममागे साधारण 22 ग्रॅम प्रथिनं. म्हणजे कुळथाची पिठी आणि नाचणीची भाकरी हे काही फक्त 'गावचं खाणं' नव्हे.

पण आपण काय करतो? नाचणीची बिस्किटं घेतो. मीही घ्यायचो. एकदा पुडा उलटा करून बघितला. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते, हे लक्षात ठेवा. पहिला मैदा, दुसरी साखर, आणि नाचणी पार खाली कुठेतरी. पुढच्या बाजूला मात्र नाचणीचाच फोटो! तेव्हापासून माझा नियम एकच : पाकिटात काय घातलंय यापेक्षा मूळ दाण्यातून काय काढून टाकलंय ते आधी बघायचं. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर, डिपेंडन्सी जितक्या कमी तितके बग कमी. :)

अर्थात उकडा म्हणजे औषध नव्हे. शेवटी तो भातच. साखरेचा त्रास असलेल्याने ताट भरून खाल्ला तर रिपोर्टमध्ये दिसणारच. कोकमाचंही तसंच. आमसूल चांगलं, पण कोकम सरबताच्या बाटलीत मुख्यतः साखर असते आणि आगळात भरपूर मीठ. 'गावचं' हा शब्दही शेवटी एक लेबलच आहे, तोही उलटा करून वाचावा.

गेल्या खेपेला कुडाळच्या बाजारात एका काकींकडून दोन किलो उकडा आणि किलोभर नाचणी घेतली. "घरचे आसत रे झिला, पॉलिश नाय करूक," त्या म्हणाल्या. मी पैसे दिले. त्यांनी उठून समोरच्या दुकानातून नातवासाठी बिस्किटाचे दोन पुडे घेतले, माझ्याच पैशातून. मैद्याचे.

तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीये. नाचणी मी शहरात नेली आणि तिच्या घरी मैदा गेला. त्यांना दोष कसा देणार? 'पांढरं ते चांगलं' हे आपणच तर शिकवलं, आणि आता 'लाल ते महाग' हेही आपणच शिकवतोय. गिऱ्हाईक नसेल तर उद्या त्या नाचणी लावणारही नाहीत. मग तुम्हाआम्हाला ती फक्त मॉलमध्येच मिळेल.

म्हणून एवढंच म्हणतो, गावी गेलात तर येताना खाजं आणि काजूबरोबर दोन किलो उकडा आणा. पाहुणे आले की तोच वाढा, न लाजता. पोरं ताटाकडे बघतच असतात. आम्हीही बघत होतो.