उडालेला युरिया जातो कुठे?



विहिरीच्या पाण्यापेक्षा पावसाच्या पाण्यावर पीक अधिक हिरवेगार दिसते, हे आपल्या वाडवडिलांच्या ध्यानात आले होते. पाऊस नुसते पाणी आणत नाही, थोडे नत्रही आणतो, हे त्याचे एक कारण. हवेत ७८ टक्के नत्रवायू आहे. पण पिकाला तो तसाच घेता येत नाही. वीज कडाडली की त्यातला थोडासा भाग पिकाच्या कामी येईल अशा रूपात बदलतो आणि पावसाबरोबर खाली येतो. निसर्गाची ही देणगी लहानच. तीत माणसाने मोठी भर घातली आहे. कारखान्यांची धुराडी, मोटारी, उघडे उकिरडे आणि वरून फोकलेला युरिया यांतून नत्र हवेत जाते आणि जवळ किंवा शेकडो मैलांवर खाली पडते.

‘फुकटचे खत मिळते, त्यात वाईट काय?’ असे कोणी विचारील. इंग्लंडातील रॉथॅमस्टेड येथील संशोधन केंद्रात एका कुरणाचे तुकडे पाडून १८५६ पासून प्रयोग चालू आहे. बिनखताच्या तुकड्यात सुमारे ४० जातींची गवते व फुलझाडे नांदतात. ज्या तुकड्याला वर्षानुवर्षे भरपूर अमोनियम सल्फेट दिले, तिथली जमीन आंबट झाली आणि दोन-तीन जातीच उरल्या. जास्त नत्र मिळाले की दांडगे गवत माजते आणि दुबळ्याला जागा उरत नाही. साताऱ्याच्या कास पठारावरची चिमुकली कीटकभक्षी झाडे हलक्या, नत्र कमी असलेल्या जमिनीवरच टिकून आहेत. म्हणून आभाळातून पडणाऱ्या जादा नत्राचा धोका अशा वनस्पतींना आधी.

त्याच रॉथॅमस्टेडला १९९६ साली हवेतून हेक्टरी सुमारे ४५ किलो नत्र पडत होते. म्हणजे एकरी १८ किलो, जवळजवळ युरियाच्या एका गोणीतले! युरोपात धुरावर निर्बंध आले आणि २०१२ पर्यंत हा आकडा २१ किलोवर आला. कुरणाच्या ज्या तुकड्यांचे नत्रखत बंद केले होते, तिथे हरवलेल्या जातीही हळूहळू परतल्या. तेव्हा हे दुखणे असाध्य नाही.

पुढे काय होणार याचा अंदाज शास्त्रज्ञ संगणकावर बांधतात. गावाच्या नकाशावर जसे गट पाडलेले असतात, तसे ते पृथ्वीवरच्या हवेचे चौकोन पाडतात. प्रत्येक चौकोनात किती धूर, किती शेणखत, किती युरिया, वारा कुठला, पाऊस किती, याचा जमाखर्च मांडतात. हिशेब आधी मागील वर्षांच्या प्रत्यक्ष मोजणीशी ताडून पाहतात आणि मगच पुढच्या काळाचे गणित करतात. कायदे कडक झाले तर काय, ऊन वाढले तर काय, असे वेगवेगळे अंदाज निघतात. हे भविष्य पंचांगातले नव्हे. आपण जसे वागू तसे ते बदलते.

या अंदाजांतून एक गोष्ट वारंवार दिसते. धुराड्यांतून व मोटारींतून येणारे नत्र निर्बंधांनी कमी करता येते. शेतीतून उडणारा अमोनिया मात्र तसा सहज आटोक्यात येत नाही. शिवाय उष्णता वाढली की तो अधिक उडतो. तापमान ५ अंशांनी वाढले तर शेतीत काही बदल न करताही जगातले अमोनियाचे उत्सर्जन सुमारे ४२ टक्क्यांनी वाढेल, असा एक अंदाज २०१३ साली मांडला गेला. म्हणजे उद्याच्या आभाळाची किल्ली बऱ्याच अंशी शेतकऱ्याच्या हाती आहे.

आणि यात आपलाच पैसा आहे. ४५ किलोच्या गोणीत सुमारे २१ किलो नत्र असते. ओल्या जमिनीवर उघडा पडलेला युरिया उन्हावाऱ्याने, विशेषतः चुनखडीच्या जमिनीत, भराभर उडतो. २०१५ पासून युरियाला निंबोळी तेलाचा लेप असतो. त्यामुळे जमिनीत नत्राचा बदल सावकाश होतो; पण वर पडलेले खत उडायचे थांबत नाही.

म्हणून एवढे करा. वाफशावर युरिया ओळीलगत द्या आणि लगेच कोळपे चालवून मातीआड करा. बागायतीत खत दिल्यावर हलके पाणी द्या, म्हणजे ते मुळाशी उतरेल. भातखाचरात साचलेल्या पाण्यावर युरिया फोकू नका. युरिया-डीएपीच्या गोळ्या चिखलात खोल खोचा. सगळा डोस एकदम न देता हप्त्याने द्या. शेणखत पसरले की त्याच दिवशी वखरून मातीत मिसळा. घरच्या भगिनींनी उकिरड्याऐवजी खड्डा धरावा आणि तो मातीने किंवा पालापाचोळ्याने झाकावा. उकिरड्याचा तो उग्र, डोळ्यांना झोंबणारा वास म्हणजे उडून चाललेले खतच.

आभाळातून किती पडेल हे आपल्या हाती नाही. आपल्या शेतातून वर किती जाऊ द्यायचे, हे मात्र आहे. येत्या हंगामात पहिला हप्ता देताना गोणीआधी कोळपे बांधावर आणून ठेवा.